कडी नसलेलं दार

भादव्याचं ऊन पडाया लागलं, की माजा हात आपसूक आतल्या खोलीच्या दाराव जातो. कडी चाचपतो. कडी तितं न्हाई. चौकटीला नुसती दोन भोकं हायेत, बोट जाईल येवढी, आन त्यांत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. दर साली म्या म्हणते, आता तरी हाताला कळंल. न्हाई कळत.

यंदा बी पितरांचा पंधरवडा लागला आन सूनबाई भांडी घासता घासता म्हणली, "आत्याबाई, दादांच्या पानाला काय काय करायचं?" दादा म्हंजी माजं मालक, तिचा सासरा. त्यांना जाऊन दोन सालं झाली.

"वडं, खीर, भोपळ्याची भाजी," म्या म्हणलं.

ती जरा घुटमळली. "शेजारच्या काकू म्हणत्यात, पिणाऱ्या माणसाच्या पानाला वाटीभर ती बी ठिवावी लागती. न्हाईतर कावळा शिवत न्हाई."

म्या उठून दारापाशी गेले.

भादव्याचं ऊन म्हंजी पाठीव तापला तवा ठिवल्यावाणी. श्रावणातलं पाणी जिमिनीत असतं, वरनं ऊन, मंग रानातनं वाफ निघती. बाजरीच्या ताटांतनं कुजका-गोड वास येतो. दुपारच्या पारी गावात चिटपाखरू दिसत न्हाई. माणसं जेवून आडवी झालेली, नुसतं कावळं कौलांव बसल्यालं. बाकी साल त्यांना हाड हाड करायचं, आन ह्या पंधरा दिसांत या बाबांनो या म्हणायचं. त्ये बी जाणून असत्यात. मान वाकडी करून घरात बघत्यात, कोण हाय, कोण न्हाई. लोकं रातीला भ्यात्यात. मला दुपारचंच भ्या वाटतं. रातीला दिवा तरी असतो.

ह्ये दार जुन्या गावचं हाय. आमचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. पाणी चढायच्या आदी माणसांनी आपापली घरं आपल्या हातानं उकलली. वासं, कौलं, चौकटी बैलगाडीत घातल्या आन हितं माळाला येऊन पुन्ना उभ्या केल्या. आमी बी दार आणलं, चौकट आणली, कडी आणली. उंबरा दगडाचा व्हता, त्यो काय निघंना; हितं नवा बसवला. उनाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिती वर येत्यात, लोकं बघाया जात्यात. म्या एकदाच गेले. चिखलात आमचा उंबरा दिसला, घासल्यावाणी सोच्छ. दार हितं, उंबरा तितं पाण्यात. म्या म्हणलं, आत यायचं असंल त्यानं आता कुटनं यावं?

त्या उंबऱ्याच्या आत माजा सासरा मेला.

मामंजी लई पेयाचं. पिऊन कुणाला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई, नुसतं वाळत गेलं. मंग भाऊकी बसली. सात दिस कोंडून घाला, आपोआप सुटती, असं कुणीतरी म्हणलं आन समद्यांना पटलं. मालक त्या आठवड्यात बैल घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेल्तं. सासूबाई म्हणल्या, "लाव ग कडी." म्या लावली.

तिसऱ्या दिशी दुपारी मामंजींनी आतनं हाक मारली. "पोरी, घोटभर दे. हात बघ कसं उडत्यात." म्या दाराला कान लावून उभी. सासूबाईंनी नको म्हणून डोळ्यानं खुणावलं. "पोरी, कडी तरी काढ." मंग टाचा जिमिनीव आपटल्याचा आवाज आला. लई येळ आला. मंग थांबला. दार उघाडलं तवा पाण्याची कळशी लवंडल्याली, मामंजींचं पाय वल्लंचिंब, जीभ दातांत.

मालक बाजारातनं आलं तवा सासूबाईंनी सांगितलं, झोपंत गेलं. माज्याकडनं गळ्याची आण घेतली. पुढं सासूबाई बी गेल्या आन ती दुपार माज्या एकटीच्या पदरात ऱ्हायली. तवापास्नं दर साली मामंजींच्या पानाला म्या वाटीभर दारू ठिवायची. लोकं म्हणायची, आवडीची म्हणून ठिवती सून, लई गुणाची. त्यो घोट त्या दुपारचा व्हता. म्या न दिल्याला.

मालकांचं पिणं नव्या गावाला आल्याव वाढलं. गडी कामाचा, पण सकाळी चूल पेटवायची झाली तर चार काड्या मोडायच्या तवा एक लागायची. आमची एक कपिला गाय व्हती, गरीब. तिची धार मालकच काढायचं. एका सकाळी तिनं त्यांना लाथ हाणली. त्या थरथरत्या बोटांचा तिला वैताग आला असंल. मालक शेणातच बसून ऱ्हायलं. म्हणलं, "गायीला कळलं राव. आता मला कळाया पायजे."

दुसरी बाई खूश झाली अस्ती. देवापुढं साखर ठिवली अस्ती. माज्या कानात टाचा वाजाया लागल्या.

घोडेगावला तवा एक डॉक्टरीणबाई बसायच्या. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मालकांना हात पुढं धराया लावलं, डोळं बघितलं, रक्त तपासाया धाडलं. दिसाला किती, पयला घोट कवा, आदी कदी सोडली व्हती का, कदी झटका आल्ता का, समदं इचारलं. मंग माज्याकडं वळल्या. "मावशी, एक लक्षात ठेवा. आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. इतकं पिणाऱ्याची अचानक तोडली की झटका येतो. त्या झटक्यात माणूस जातो."

म्या बाकड्याव बसून ऐकलं. भितीवरचं घड्याळ टकटक करत व्हतं. इतकी सालं म्या म्हणत व्हते, मामंजी दारूनं गेलं. पदर नीट केला आन इचारलं, "मंग कसं करायचं?"

मालक मधीच म्हणलं, "गाय आटवतो तसं, व्हय ना बाई? एकदम धार सोडली तर कास सुजती. एक येळ काढायची, एक सोडायची."

बाई हसल्या. "अगदी तसंच. फक्त कमी कमी करायच्या त्या गोळ्या. गोळी सुरू झाली की दारूचा थेंब नाही. दोन्ही पोटात एकत्र आली तर श्वास बंद पडतो."

रक्ताचा कागद येईस्तवर आठ दिस व्हतं. त्या आठ दिसांत बाईंनी मला कामं लावून दिली. गोळ्यांचं सात दिस दुसरीकडं कुटं जायचं न्हाई, माणसाजवळ बसायचं. गोळ्या माज्या हातात, त्यांच्या न्हाई. मऊ भात, ताक, लिंबूपाणी. रोज सकाळी जीपनं आणून दाखवायचं, सुई टोचून घ्यायची. ताप चढला, झटका आला, न्हाईतर नसल्यालं दिसाया लागलं, तर भगताकडं न्यायचं न्हाई, आंगारा लावायचा न्हाई, हाय तसं उचलून आणायचं. आन घर धुवून काढायचं, कोनाड्यात, गोठ्यात, कडब्यात, कुटं थेंब ऱ्हाता कामा नये.

मला वाचाया येत न्हाई. गोळ्या पांढऱ्या, समद्या सारक्या. म्या मिसळणाचा डबा रिकामा केला. मोहरीच्या वाटीत सकाळच्या, जिऱ्याच्या वाटीत दुपारच्या, हळदीच्या वाटीत सांच्याच्या. बाईंनी डबा बघितला, समदं पुन्ना माज्याकडनं वदवून घेतलं. मालक पुढं कवातरी म्हणायचं, माजी दारू हळदीनं सुटली.

शेवटाला बाई म्हणल्या, "गोळ्या सात दिवसांच्या. पुढं काय? आधी माणसं शोधा, मग गोळ्या." बाजारच्या दिशी शाळंच्या एका खोलीत दारू सोडल्याली माणसं बसत्यात, असं त्यांनी सांगितलं.

गेलो. मला वाटलं, फाटकी-तुटकी चार टाळकी असत्याल. बघते तर आमचं किराणावालं कांतीशेट पांढऱ्या कपड्यात वर्ग झाडत व्हतं. मारवाडी जैन माणूस, ज्यांच्या दुकानातनं म्या वीस सालं मीठ आणलं.

"शेट, तुमी?"

"मी बी, माई."

"आवो, तुमच्यात तर कांदा बी खात न्हाईत!"

"त्योच घोटाळा झाला ना. कांदा खात अस्तो तर वास लपला अस्ता."

मालक हसलं. मला आठवत न्हाई त्या आदी कवा हसलं व्हतं. मंग एकेक माणूस उठून आपलं आपलं सांगाया लागला, कोणी कुणाला हाडूत-हुडूत केलं न्हाई. निघताना शेट म्हणलं, "गोळ्या चालू झाल्या की मी येतो. रोज येतो. बोलणार न्हाई, नुसता बसंन."

गोळ्या चालू व्हायच्या आदल्या दिशी म्या पारयीनं ती भाईरनं लावायची कडी उचकटली. मालक म्हणलं, "कडीनं काय केलं तुजं?" म्या म्हणलं, "खडखड करती." ती नेऊन पाण्याच्या आडात टाकली.

आन त्याच दिशी डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "मावशी, घरात थेंब उरला नाही ना?"

"न्हाई," म्या म्हणलं.

बाजरीच्या कणगीत दारूची एक चपटी बाटली व्हती. पर आपण खोटं बोललो असं मला वाटलंच न्हाई. ती घरातली कुटं व्हती? ती मामंजींची. त्यांचं पितर सा दिसांव आल्तं. मेल्याचा वाटा जित्याच्यात कसा धरायचा? कुणीबी आमच्या गावची बाई असंच म्हणली अस्ती.

पयलं दोन दिस घामाचं गेलं. अंथरूण पिळून निघायचं. शेट येऊन पडवीत बसायचं, शेंगा फोडायचं. मालक आतनं म्हणायचं, "शेट, हाय का?" शेट म्हणायचं, "हाय." बास.

तिसरा दिस उगवला. म्या त्याच दिसाला भ्याले व्हते. सकाळी बाईंना दाखवून आणलं, सुई झाली, भात खाल्ला. शेट दुकानाकडं गेल्तं. टळटळीत दुपार, कावळं बी वरडत नव्हतं. मालक खाटंव उठून बसलं आन दाराकडं बघाया लागलं.

"कोण आलंय ग?"

"कोणी न्हाई."

"आप्पा हायेत की." आप्पा म्हंजी त्यांचं वडील, माजं मामंजी. "उंबऱ्याव उभं हायेत. पाय वल्लं हायेत त्येंचं."

पायांचं त्यांना कुणी कदी सांगितलं नव्हतं. म्या जिऱ्याची वाटी घट्ट धरली.

"काय म्हणत्यात?"

"कडी काढ म्हणत्यात."

"कडी न्हाई आता दाराला. सांगा त्यांना."

मालकांनी ऐकून घेतलं, कुणाचं तरी बोलणं ऐकत्यात तसं. मंग माज्याकडं बघितलं. "माजं मला दे म्हणत्यात. तिला ठावं हाय म्हणत्यात."

म्या दाराकडं गेले. पाच दिसांत पाण्याचा थेंब पडला नव्हता, घागर कोपऱ्यात भरल्याली व्हती, आन उंबरा वल्ला व्हता. दोन पावलं मावत्याल येवढा. म्या फडकं घेऊन पुसला. मंग वाटंला जाऊन जीप थांबीवली आन मालकांना घातलं.

डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, नाडी बघितली, नाव-गाव इचारलं, आज वार कोणता इचारलं. मागच्या खोलीत खाटंव घेतलं, सलाईन लावली. दोन दिस तितंच ठिवलं. तापलं तर गाडी करून पुण्याला धाडते म्हणल्या, पर तशी पाळी आली न्हाई. "भूत नाही मावशी. दारू तुटली की डोक्याला असलं दिसतं." मंग मला बाजूला घेऊन, "घरातलं आणखी काही सांगायचं आहे?"

म्या मान हलवली. न्हाई म्हणून.

पितराच्या दिशी सकाळी घरी सोडलं. सुई टोचल्याल्या कोंबडीवाणी मालक मलूल, पर नजर जाग्याव आल्याली. आप्पांचं काय बोलले न्हाईत. म्या बी काढलं न्हाई. शेट पडवीत शेंगा घेऊन बसलं. म्या वडं तळलं, खीर केली, केळीचं पान मांडलं. मालक आत पडलं व्हतं, दार उघडं व्हतं. मंग कणगीत हात घातला. बाजरी उन्हानं कोमट, आन तिच्यात ती चपटी गार, पाण्यातनं काढल्यावाणी.

झाकण फिरवलं तसा शेटनं शेंग फोडता फोडता हात थांबीवला.

"माई, त्ये काय?"

"मामंजींचं हाय. पानाचं."

"आन वास कुणाच्या नाकात जाणार? मामंजींच्या?"

"मेल्याचं हाय, शेट. दर सालचं हाय."

"बाटलीला मालक नस्तो, माई. जो जवळ असंल त्याची ती." शेटनं तोंड वळवून घेतलं व्हतं. उपरण्यानं नाक दाबलं व्हतं. तवा मला दिसलं, का इतक्या सालांनी बी ह्यो माणूस भ्याला हाय.

आन दारात मालक उभं. माज्याकडं बघत नव्हतं, चपटीकडं बघत व्हतं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. म्या इचार केला, आता जर हात पुढं केला तर म्या काय करीन? एकदा न दिल्यानं माणूस गेला. एकदा दिल्यानं जाईल.

म्या चालत उकिरड्याव गेले आन समदी वतली. येऊन च्या ठिवला, पितळंच्या वाटीत काढला, पानाव ठिवला. पान कौलाव ठिवलं. काव काव केलं.

कावळा येईना.

लिंबाच्या झाडाव वळीनं बसलं व्हतं, दहा-बारा. एक बी हलंना. वडं वाळाया लागलं. अशा येळंला घरच्यांनी बोलायचं असतं, जाणाऱ्याचं काय ऱ्हायलं असंल त्ये करतो म्हणून शब्द द्यायचा असतो. मालक हात जोडून म्हणलं, "आप्पा, गाय सांबाळतो. पोराला सांबाळतो. आजून काय ऱ्हायलं असंल तर सांगा." कावळं बघत व्हतं. सावली भितीव चढली. शेट पुटपुटलं, "माज्यामुळं तर न्हाई? परका माणूस."

म्या म्हणलं, "शेट, तुमच्यामुळं न्हाई."

आन पानाकडं तोंड करून म्हणलं, "मामंजी, कडी म्या लावली व्हती. तुमी हाक मारली, म्या ऐकली. तुमी झोपंत न्हाई गेलात. तुमच्या टाचा म्या ऐकल्या. ह्यांना कुणी सांगितलं न्हाई, म्या सांगते."

मालकांनी माज्याकडं बघितलं. किती येळ बघितलं, ठावं न्हाई. मंग वळलं, आतल्या खोलीत गेलं आन दार लावून घेतलं. आतनं अडसर पडल्याचं ऐकू आलं.

म्या धावले. शेटनं आडवा हात घातला. "बसा माई."

"आत झटका आला तर?"

"आला तर फोडू, मी हाय. पर आता उघडायचं त्याच्या हातात हाय. तितकं ऱ्हाऊ द्या त्याच्याकडं."

त्याच दाराला म्या पुन्ना कान लावला. तेच लाकूड. गालाला त्याची तीच गाठ लागली. आत टाचा वाजत्यात का ऐकत ऱ्हायले. नुसता श्वास येत व्हता, मोठा, रडल्यावाणी. म्या हाक मारली न्हाई. म्या उभी ऱ्हायले, त्या दिशी उभी व्हते तशीच, येवढंच की ह्या येळंला मला कुणी खुणावत नव्हतं.

अडसर सरकला. मालक भाईर आलं. डोळं लाल, हात थरथरत व्हतं पर कमी. माज्याकडं न बघता म्हणलं,

"आप्पांचा च्या गार झाला असंल. दुसरा ठिव."

म्या दुसरा केला. वाटी घेऊन भाईर आले तर पानाव एक वडा कमी.

"आला व्हता का?"

"मला न्हाई दिसला बा," शेट म्हणलं.

"मला बी न्हाई," मालक म्हणलं.

लिंबाव कावळं तितकंच व्हतं.

दुसऱ्या दिशी म्या डॉक्टरीणबाईंना चपटीचं सांगितलं. त्या रागावल्या न्हाईत. म्हणल्या, "मावशी, बरं झालं सांगितलंत." उरल्याल्या गोळ्या एकेक करून संपल्या, मिसळणाच्या डब्यात पुन्ना मोहरी आली, जिरं आलं. मालक दर बाजारला शाळंच्या खोलीत जायचं. एकदा घसरलं, हुरड्याच्या दिसांत, एकच दिस. रातच्याला न्हाई, भर दुपारी सोता चालत शेटच्या दुकानात जाऊन उभं ऱ्हायलं. "शेट, हाय का?" "हाय." पुन्ना कदी न्हाई. म्हातारपणी त्यांनीच नव्या माणसांसाटी वर्ग झाडायला घेतला. कडीचं आमी पुन्ना बोललो न्हाई. येवढंच, की निजताना दार उघडं ठिवायचं, थंडीत बी, आन कुणी लोटलं तर उठून उघडायचं त्येच.

दोन सालांमागं गेलं. झोपंत गेलं. ह्या येळंला खरंच.

काल पितर झालं. सूनबाईला म्या सांगितलं, दोन वाट्या घे, एक मामंजींची, एक ह्यांची, दोन्हीत च्या. ती म्हणली, "कावळा शिवला न्हाई तर?" म्या म्हणलं, "बसून ऱ्हाऊ. मला कुटं जायचंय?"

पान ठिवलं. ऊन पाठीव तापलं. गाव गप झालं. म्या पडवीत बसले आन डुलकी लागली असंल, कारण जागी झाले तवा दोन्ही वाट्या कौलाव आडव्या पडल्याल्या, आन सूनबाई आतल्या दारापाशी फडकं घेऊन उभी.

"आत्याबाई, हितं पाणी कुणी सांडलं? आताच तर पुसलं व्हतं."

उंबरा वल्ला व्हता. म्या जवळ जाऊन बघितला.

"ऱ्हाऊ दे," म्या म्हणलं. "पुसू नको. ऊन हाय, वाळंल."